पत्रा पातळ, घर भक्कम

कोल्ड-फॉर्म्ड स्टीलचा सांगाडा साइटवर पहिल्यांदा उभा राहिला की मुकादमापासून मालकापर्यंत सगळे तो बोटाने वाजवून बघतात. ‘एवढ्याशा पत्र्यावर घर?’ शंका रास्त आहे, म्हणूनच तिचं नीट उत्तर द्यायला हवं.

गैरसमज १ : पातळ पत्रा भार पेलणार नाही.
वस्तुस्थिती : हा पत्रा बहुधा १ ते २ मिलिमीटर जाडीचा असतो. पोस्टकार्ड एका टोकाला धरलं तर लवतं. मधोमध उभी घडी घातली की टेबलावर ताठ उभं राहतं. तसाच हा पत्रा न तापवता रोलरमधून ‘सी’ आकारात दुमडतात. ताकद त्या घडीत आहे. शिवाय भार मोजक्या खांबांवर न येता ४०० किंवा ६०० मिलिमीटर अंतरावरच्या स्टडमध्ये, म्हणजे उभ्या ‘सी’ पट्ट्यांमध्ये, वाटला जातो. अशा सांगाड्याच्या डिझाइनसाठी आयएस ८०१ हे मानक आहे.

गैरसमज २ : हलकी इमारत भूकंपात टिकत नाही.
वस्तुस्थिती : वजन कमी, तर भूकंपाचं बलही कमी. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथल्या कंपन-मंचावर अशी सहा मजली इमारत हादरवली, तरी ती उभी राहिली. हलक्या इमारतीला खरा धोका वाऱ्याचा : छप्पर आणि भिंती वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून त्या पायाशी अँकरने जखडाव्याच लागतात.

गैरसमज ३ : कोकणाच्या हवेत सांगाडा गंजून जाईल.
वस्तुस्थिती : पत्र्यावरचा जस्ताचा थर स्वतः झिजून पोलाद वाचवतो, कापलेल्या कडेलाही तो काही अंशी सांभाळतो. मात्र खाऱ्या हवेत थर जाड हवा, खालच्या ट्रॅकखाली (स्टड बसतात त्या आडव्या पट्टीखाली) ओलरोधक पट्टी हवी आणि तांब्याचा पाइप थेट टेकता कामा नये. वेल्डिंगने जस्त जळतं. तिथे जस्तयुक्त रंग लावायलाच हवा.

गैरसमज ४ : पोलाद जळत नाही, मग आगीची चिंता नको.
वस्तुस्थिती : पोलाद जळत नाही, पण तापलं की ताकद गमावतं, आणि पातळ पत्रा लवकर तापतो. बचाव करतो तो जिप्सम बोर्ड : त्यात बांधलेलं पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेतं. म्हणून बोर्डाचे थर आणि सांधे ही सजावट समजू नका.

व्यावसायिकांचा खरा फायदा वेळेचा. सांगाड्याला सेंटरिंग नको, पाणी मारत थांबणं नको. पण वायरिंगची भोकंही कारखान्यातच पडतात. साइटवर कुणी प्लंबरने स्टडची कड कापली, तर ती घडीच मोडते. ड्रॉइंग आधी पक्कं करा, मगच पत्रा रोलरमध्ये जाऊ द्या.