खाडीतील मासळीचा अपुरा हिशेब

ठाण्याच्या खाडीस २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून मान्यता मिळाली आणि २०२२ साली 'रामसर' करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत तिचा समावेश झाला. हिवाळ्यात तेथे उतरणारे गुलाबी थवे पाहून खाडीची प्रकृती सुधारली, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः हा निष्कर्ष घाईचा ठरेल. लहान रोहित पक्षी सूक्ष्म शेवाळावर जगतो आणि सांडपाण्यातील पोषकद्रव्यांमुळे हेच शेवाळ फोफावते. पक्ष्यांना जे लाभते ते माशांनाही लाभेलच, असे नाही.

ही खाडी सुमारे २६ किलोमीटर लांबीची. दक्षिणेस ती मुंबई बंदराच्या पाण्यास मिळते, तर उत्तरेच्या टोकास उथळ आणि अरुंद होत जाते. उल्हास नदीशी तिचा संबंध एका चिंचोळ्या प्रवाहापुरताच उरला आहे. गोड्या पाण्याचा मोठा पुरवठा पावसाळ्याच्या चार महिन्यांतच होतो. साहजिकच उत्तर भागात आलेली घाण भरतीबरोबर पुढे-मागे हेलकावत राहते. साठीच्या दशकापासून वाढलेला ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा आणि दोन्ही काठांवरील शहरांचे मैलापाणी यांचा भार या मंद पाण्यावर पडत आला आहे.

या भाराचा परिणाम सर्व जीवांवर सारखा होत नाही. मैल्याच्या कुजण्यात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. ज्या माशांना पोहून दूर जाता येते ते जातात. चिखलात हवेतूनही श्वास घेऊ शकणारी निवटी तग धरते. दगडाला चिकटलेल्या कालवाला मात्र पळता येत नाही. पाणी गाळून अन्न मिळवणे हाच त्याचा धर्म असल्यामुळे पाण्यातील जड धातू त्याच्या अंगी साठत जातात. अशा रीतीने नाजूक जाती आधी नाहीशा होतात आणि मोजक्या चिवट जाती रिकामी जागा व्यापतात.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने मेख येथेच आहे. मासळीची मोजदाद वजनाने होते आणि वजन फसवे असते. जिताडा, बोई, कोळंबी, चिंबोरी, कालवे, शिवल्या अशी विविधता असेल तर एका हंगामाची तूट दुसऱ्या जातीने भरून निघते. दोन-तीन हलक्या जातींचेच ढीग जाळ्यात आले तर टनांचा आकडा कदाचित ढळणार नाही. पण मच्छीमाराचे उत्पन्न घटेल आणि आपत्तीत आधार देणारा विमाही जाईल. जातींचे वैविध्य हे खाडीचे भांडवल आहे. भांडवल खाऊन दाखविलेल्या उत्पन्नास कोणताही जाणता हिशेबनीस नफा म्हणणार नाही.

याहून मोठी उणीव म्हणजे हिशेबात न येणारी माणसे. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून कालवे फोडणाऱ्या, शिवल्या वेचणाऱ्या कोळी व आगरी स्त्रियांकडे नौका नसते, परवाना नसतो, विक्रीची पावती नसते. प्रदूषणाचा पहिला फटका त्यांना बसतो. नुकसानीचा पुरावा मात्र त्यांनाच देता येत नाही. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० साली खाजगी आणि सामाजिक लाभांतील तफावत दाखवून दिली होती. कारखान्याने वा नगरपालिकेने वाचविलेला शुद्धीकरणाचा खर्च नाहीसा होत नाही. तो या स्त्रियांच्या टोपलीतून वसूल होतो.

हे नुकसान पैशांत मांडताच येत नाही, ही सबबही टिकणारी नाही. बंदरविस्तारासाठी केलेला भराव, खारफुटीचा नाश आणि भरतीच्या पाण्याला झालेला अडथळा यांमुळे उपजीविका गमावलेल्या उरण परिसरातील १६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली दिला. तत्त्व मान्य झाले आहे. प्रश्न आहे तो नोंदींचा.

आणि खाडी सुधारू शकते, याला लंडनच्या थेम्स नदीची साक्ष आहे. १९५७ साली तिच्या शहरी पट्ट्यात जवळजवळ मासेच उरले नव्हते. मैलाशुद्धीकरण केंद्रांची सुधारणा झाल्यावर मासे परतू लागले. १९७४ मध्ये तेथे सामन मासा सापडला आणि पुढे नोंदलेल्या जातींची संख्या शंभरावर गेली. हे कोणा दैवी कृपेने नव्हे, तर सार्वजनिक खर्चाने घडले.

तेव्हा ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांतून मासळीची नोंद वजनाबरोबरच जातवारही व्हावी, पायी मासळी वेचणाऱ्या स्त्रियांची नावे मच्छीमारांच्या यादीत यावीत आणि शुद्ध न केलेले पाणी सोडणाऱ्यांकडून त्याची किंमत वसूल व्हावी. पक्षी मोजण्यास दुर्बिणी सरसावल्या आहेत, हे चांगलेच आहे. परंतु खाडीच्या प्रकृतीचा खरा ताळेबंद मासळीच्या टोपलीत आहे आणि तो मांडण्याचे काम अद्याप व्हायचे आहे.