गावची शाळा आठवीला संपते, लेकीचं शिक्षण संपू नये



मृग लागला की आपल्या वऱ्हाडात दोन गोष्टी सोबतच दाराशी येतात, पेरणी आणि शाळा. आपल्याकडं ऊन कडक, म्हणून आपल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटाला उघडतात. नेमकं तेव्हाच बियाण्याची थैली, खताचं पोतं आणि ट्रॅक्टरचं भाडं यात हातातला पैसा संपलेला असतो. मग घरात हळूच विषय निघतो, "पोरगी आठवी शिकली. आता राहू दे."

आमच्या गटाच्या बैठकीतही हा विषय निघाला. एका ताईची मुलगी आठवी पास झाली होती. गावात पुढं शाळा नाही, हायस्कूल दुसऱ्या गावाला. ताई म्हणाली, "हायस्कूल काही आपलं नाही, ते मोठ्या लोकांचं." हे ऐकून आम्ही ठरवलं की आजचं बोलणं हायस्कूलवरच करायचं. ते आपल्या भागात कसं आलं, कोणाच्या बळावर उभं राहिलं आणि त्यात आपला हक्क किती, हे समजून घेऊ.

गोष्ट पापळ गावापासून सुरू होते. अमरावती जिल्ह्यातलं हे गाव. तिथं 27 डिसेंबर 1898 रोजी शामराव आणि राधाबाई देशमुख या शेतकरी जोडप्याच्या घरी पंजाबराव जन्मले. त्यांनाच आपण भाऊसाहेब म्हणतो. पापळच्या शाळेत खालचेच वर्ग होते. पुढं शिकायला या लेकराला चांदूर रेल्वे, मग कारंजा, मग अमरावतीचं हिंदू हायस्कूल असं गाव बदलत जावं लागलं. आज आपल्या पोरींपुढं जी अडचण आहे, तीच शंभर वर्षांपूर्वी त्यांच्यापुढं होती. गावची शाळा संपली, आता कुठं जायचं?

भाऊसाहेब पुढं पुण्याला आणि तिथून विलायतेला गेले. बॅरिस्टर आणि डॉक्टरेट होऊन 1926 साली परत आले. वकिलीत पैसा होता, पण खेड्यातल्या मुलाचं शिक्षण कुठं अडतं हे त्यांना ठाऊक होतं. शाळा शहरात, मूल खेड्यात आणि मधे राहण्या-जेवणाचा खर्च. म्हणून त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. जातीचा भेद न ठेवता गरीब मुलांनी तिथं राहावं आणि शिकावं, हा हेतू. त्यासाठी उभा केला मुष्टिफंड.

मुष्टी म्हणजे मूठ. लोकांनी मूठ मूठ द्यायचं आणि त्यावर लेकरं शिकवायची. साताऱ्याकडं कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली, तिथंही हीच रीत होती. घरोघरी बाया रोज मूठभर धान्य बाजूला काढत आणि त्यावर वसतिगृहाची चूल पेटे. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर मुलांच्या जेवणासाठी अंगावरचं सोनं दिलं. बायांनो, कोठीतून मूठ काढणारा हात कोणाचा असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. म्हणून हायस्कूल मोठ्या लोकांचं आहे, असं म्हणू नका. त्याच्या पायात आपल्या आज्यांची मूठ आहे.

1930 साली भाऊसाहेब मध्यप्रांत-वऱ्हाडचे शिक्षणमंत्री झाले. त्याच सुमारास त्यांनी श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांत तिची हायस्कुलं निघाली, कॉलेजं निघाली. आज ती विदर्भातल्या मोठ्या शिक्षण संस्थांत मोजली जाते. तिच्यासारख्या लहान-मोठ्या संस्थांमुळंच आपल्याकडं मोठ्या गावांत, बाजाराच्या ठिकाणी हायस्कूल दिसतं.

आता हे हायस्कूल चालतं कसं, ते पाहू. इमारत आणि कारभार संस्थेचा असतो. शाळा पूर्ण अनुदानित असेल तर शिक्षकांचा पगार शासन देतं. देखरेख जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांची. दहावीची परीक्षा राज्य मंडळ घेतं आणि त्याचं आपलं विभागीय कार्यालय अमरावतीला आहे. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिकवणीची फी नाही. विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित शाळेचं मात्र वेगळं असतं. म्हणून नाव घालताना पहिला प्रश्न हाच विचारा, "शाळा अनुदानित आहे का?"

मग फी नसताना पोरी आठवीनंतर का गळतात? कारण शिक्षण हक्काचा कायदा 6 ते 14 वर्षांच्या लेकरांसाठी आहे, म्हणजे आठवीपर्यंत. शाळेतला पोषण आहारही आठवीपर्यंतच आणि फुकटची पुस्तकंही आठवीपर्यंतच. नववीला एकदम डबा आपला, वह्या-पुस्तकं आपली आणि वर गाडीभाडं. त्यात निंदणाला हात पाहिजे, दिवाळीच्या पुढंमागं कापूस वेचायला हात पाहिजे. पोरगी आधी चार दिवस घरी राहते, मग पंधरा दिवस. मागं पडली की तिलाच शाळेत जायची लाज वाटते. पुढं कोणीतरी स्थळ घेऊन येतं. शाळा एका दिवसात सुटत नाही, ती अशी सुटत जाते.

आपल्या भागातली काही लेकरं नोकरीसाठी अमेरिकेत आहेत. तिकडं शहराबाहेरच्या वस्त्यांतही सरकारी हायस्कूल असतं, नववी ते बारावीचं आणि बिनफीचं. शाळांचा कारभार पाहायला बहुतेक ठिकाणी लोकांनी मत देऊन निवडलेलं मंडळ असतं. त्याच्या बैठका उघड्या असतात आणि आई-बाप तिथं जाऊन विचारू शकतात. पण तिथली एक खोडही ऐका. शाळेचा बराच पैसा त्या भागातल्या घरपट्टीसारख्या करातून येतो, म्हणून श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत राहते आणि गरीब वस्तीची मागं पडते. आपल्याकडं अनुदानित शाळेचा पगार शासनाकडून येतो, गाव गरीब असलं तरी येतो. ही आपली जमेची बाजू. आपल्याकडं कमी पडतं ते बैठकीला जाऊन विचारणं.

आणि विचारायचा हक्क आपल्याला आहे. आठवीपर्यंतच्या जिल्हा परिषद शाळेत व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन चतुर्थांश पालक पाहिजेत आणि निम्म्या बाया पाहिजेत. नुसत्या सहीपुरत्या नाही, बसून बोलणाऱ्या. हायस्कूलमध्ये पालक-शिक्षक संघ असतो. मुलींची शाळा सुटू नये, त्यांना सुरक्षित वाटावं, बालविवाह होऊ नये, यासाठी शाळेत सखी सावित्री समितीही असायला पाहिजे. ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे मुख्याध्यापकांना विचारा.

तर बायांनो, या जूनमध्ये तीन कामं करू.

पहिलं, गावात आठवी झालेल्या मुलींची यादी करू आणि प्रत्येकीचा दाखला हायस्कूलला पोचला का, ते पाहू. दाखला घरच्या पेटीत राहिला की पोरगीही घरीच राहते.

दुसरं, जायची सोय. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एसटीचा पास मोफत आहे, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचं नाव आहे. काही तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस खास मुलींसाठी धावतात. त्याच कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीही मिळतात. आपला तालुका त्यात आहे का, हे शाळेत विचारा. बस शाळेच्या वेळेवर येत नसेल तर पाच गटांनी मिळून आगारात अर्ज द्या. एकटीचा अर्ज बाजूला पडतो, पन्नास सह्यांचा वाचावा लागतो.

तिसरं, आपली मूठ. आमच्या गटानं ठरवलं आहे की जून महिन्यातलं पहिलं कर्ज बियाण्याला नाही, नववीत जाणाऱ्या मुलीच्या वह्या-पुस्तकांना द्यायचं, तेही बिनव्याजी. रक्कम लहान आहे, पण वेळेवर आहे. आणि कोणाच्या घरी अठराच्या आत लग्नाची बोलणी चालू झाली, तर 1098 हा नंबर सगळ्यांना पाठ पाहिजे.

ती ताई त्या दिवशी बैठकीत काही बोलली नाही. दोन दिवसांनी सकाळीच आली आणि म्हणाली, "चला, दाखला काढून आणू." आम्ही चौघी सोबत गेलो. वेचणीच्या दिवसांत त्या पोरीची शाळा टिकेल का, हे आपल्या सगळ्यांवर आहे. दिवाळीनंतरच्या बैठकीत आम्ही तिची हजेरी विचारणार आहोत. तुम्हीही आपापल्या गावात विचारा.

रामराम.