ओम्नीचं ब्रेक ऑइल: पातळीपेक्षा वय पाहा

ओम्नीचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं, पण शाळेची मुलं, भाजी, मंडपाचं सामान वाहणाऱ्या ओम्नी अजून रोज रस्त्यावर दिसतात. त्यांच्या मालकांना इंजिन ऑइल कधी बदललं ते नेमकं आठवतं. ब्रेक ऑइलचं विचारलं, तर उत्तर येतं, ‘पातळी बरोबर आहे.’ एवढ्यावर भागत नाही.

पॅडल दाबलं की मास्टर सिलिंडर ऑइलवर दाब देतो आणि तो दाब नळ्यांमधून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. द्रव दबून आकसत नाही, म्हणूनच हे जमतं. मात्र ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. ती रबरी नळ्यांमधून आणि टाकीच्या झाकणातून हळूहळू आत शिरते. डॉट ३ दर्जाचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येऊ शकते.

भरलेली गाडी घाट उतरताना सतत ब्रेक दाबला, तर चाकाजवळ तेवढी उष्णता तयार होते. पाण्याची वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल खाली जातं. गाडी थंड झाल्यावर तेच पॅडल पुन्हा ठीक लागतं, त्यामुळे गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. घाट खालच्या गिअरमध्येच उतरावा, तो यासाठीही.

पातळी कमी होण्याची कारणं दोन. पॅड आणि लायनर झिजले की ती हळूहळू उतरते. अशा वेळी नुसती भर घातली तर झीज लक्षात येत नाही. भराभर उतरली तर गळती आहे. मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला, ड्रमखाली ओल दिसते का पाहा. दिसली तर गाडी चालवू नका.

साधारण दर २ वर्षांनी सगळं ऑइल बदलावं. रंगावर विसंबू नका, स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकतं. टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या दर्जाचं, सीलबंद डब्यातलंच घ्या. महिनोन्‌महिने उघडा राहिलेला डबा वापरू नका. सिलिकॉनचं डॉट ५ किंवा इंजिन ऑइल यात कधीही मिसळू नये. इंजिन ऑइलने आतली रबरं फुगतात. रंगावर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग निघतो.

ऑइल बदलल्यावर नळ्यांमधली हवा काढताना जुन्या गाडीत एक काळजी घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगा: पॅडल तळापर्यंत दाबू नका. मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग एरवी वापरात नसतो, तिथे गंज धरलेला असतो आणि त्यावर घासून सील फाटतात. पॅडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की झालं.

पावसाळा संपल्यावर हे काम करून घ्या आणि टाकीजवळ महिना-वर्ष लिहून चिठ्ठी चिकटवा. गाडी विकलीत, तर पुढच्या मालकालाही ती उपयोगी पडेल.