यंत्राचा ताप आणि किनाऱ्याचा उष्मा

परीक्षा आटोपल्या, निकाल लागले, की गोमंतकातील पुष्कळ मध्यमवर्गीय घरांतून अलीकडे एकच मागणी पुढे येते. मुलाला वा मुलीला संगणक हवा असतो, आणि तोही साधा नव्हे, तर खेळांसाठी खास बांधलेला, ज्याला बाजारात 'गेमिंग संगणक' म्हणतात. साठ-सत्तर हजारांपासून दीड-दोन लाखांपर्यंत जाणारी ही खरेदी कारकुनाच्या वा शिक्षकाच्या संसारात लहान नाही. घराच्या डागडुजीसाठी बाजूला काढून ठेवलेले पैसे तिच्यात जातात, नाही तर दोन वर्षांचे हप्ते डोक्यावर बसतात. वडीलधाऱ्यांना हा सारा खुळचटपणा वाटतो. तो वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. याच यंत्रावर मुले चित्रे रेखाटतात, चित्रफितींचे संकलन करतात, अभियांत्रिकीचे आराखडे काढतात. आणि डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यता दिल्यापासून हे क्षेत्र निव्वळ रिकामटेकड्यांचे राहिलेले नाही. आमचा प्रश्न वेगळा आहे. एवढे मोल देऊन घरी आणलेले यंत्र या किनाऱ्यावरच्या हवेत टिकावे कसे, आणि ते थंड ठेवण्यासाठी कोणते साधन निवडावे, याचा विचार खरेदीपूर्वी किती जण करतात?

संगणकाच्या पोटात जाणारी वीज अखेर उष्णतेचे रूप घेऊन बाहेर पडते. गिरणी धान्य दळते, पंप पाणी वर चढवितो. संगणक मात्र आकडेमोड करतो आणि तापतो. ही तक्रार संगणकाच्या जन्माइतकीच जुनी आहे. १९४६ साली अमेरिकेतील फिलाडेल्फियात जगापुढे आलेला 'एनिअ‍ॅक' हा संगणक सुमारे अठरा हजार काचेच्या नळ्यांचा होता, दीडशे किलोवॅटच्या घरात वीज खात होता, आणि त्याला वारा घालण्यासाठी मोठमोठे पंखे बसवावे लागले होते. १९८५ साली आलेल्या 'क्रे-२' या महासंगणकाची मंडले तर विजेला दाद न देणाऱ्या एका विशिष्ट द्रवात बुडवूनच ठेवलेली असत. याउलट १९८१ सालच्या आयबीएमच्या घरगुती संगणकातील प्रोसेसरला स्वतंत्र पंख्याची गरजच नव्हती. आज त्याच घरगुती संगणकाची भूक इतकी वाढली आहे, की महासंगणकांची जुनी डोकेदुखी आपल्या मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर येऊन बसली आहे.

या विषयातील मूळ तत्त्व एका वाक्यात सांगता येते. पंखा असो वा पाणी, नेहमीच्या बनावटीचे कोणतेही साधन यंत्राला खोलीतील हवेपेक्षा अधिक थंड करू शकत नाही. ते फक्त उष्णता उचलते आणि खोलीच्या हवेत नेऊन टाकते. म्हणून खोलीच्या तपमानावर अमुक इतके अंश, असाच यंत्राच्या तपमानाचा हिशेब करावयाचा असतो. परदेशांत या साधनांच्या चाचण्या बहुधा वीस-बावीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत होतात. तेथे एखाद्या साधनाने प्रोसेसर पासष्ट अंशांवर रोखला, असे वाचून आपला तरुण हरखून जातो. परंतु ते पासष्ट अंश म्हणजे बावीस अंशांच्या हवेवर त्रेचाळीस अंशांची चढण होय. तीच चढण मे महिन्यातल्या पणजीच्या तेहेतीस अंशांवर मांडली, तर उत्तर शहात्तर येते. आणि स्लॅबखालच्या बंद खोलीत यंत्र दोन तास चालल्यावर हवाच छत्तीस अंशांवर गेली, तर एकोणऐंशी. साधन तेच, आकडा मात्र चौदा अंशांनी चढला. परक्या हवेतले आकडे आपल्या हवेत जसेच्या तसे उतरत नाहीत, हे ध्यानात घेतले तरी निम्मी फसवणूक टळेल.

अर्थात एकोणऐंशी अंश हा आकडा ऐकून घाबरून जाण्याचेही कारण नाही. एएमडीच्या २०२२ सालच्या रायझन ७००० मालिकेतील अनेक प्रोसेसर पंचाण्णव अंशांपर्यंत काम करण्यासाठीच बनविलेले आहेत. इंटेलच्या २०२३ सालच्या कोअर आय-९ १४९००के या प्रोसेसरची मर्यादा शंभर अंशांची आहे. मर्यादा गाठली, की प्रोसेसर जळत नाही, तर स्वतःचा वेग आपणहून उतरवितो. नुकसान होते ते येथे. पैसे घोड्याचे मोजावयाचे आणि चाल बैलाची पाहावयाची, असा तो व्यवहार ठरतो. शिवाय सतत तापलेल्या पेटीत पंख्यांचे आणि इतर लहानसहान भागांचे आयुष्य घटते, ते वेगळेच.

आता ही उष्णता येते कोठून, ते पाहू. दुकानदार चर्चा करतो ती बहुतेक वेळा प्रोसेसरच्या थंडाव्याची. परंतु खेळ चालू असताना सर्वांत मोठी चूल असते ती ग्राफिक्स कार्डाची. एनव्हीडियाचे आरटीएक्स ४०६० हे कार्ड ११५ वॅटचे, २०२२ साली आलेले ४०९० हे ४५० वॅटचे, आणि २०२५ सालचे ५०९० तर ५७५ वॅटचे आहे. या कार्डाला स्वतःचे पंखे असतात आणि ते पेटीतील हवाच ओढून घेतात. पेटीत ताजी हवा येत नसेल, तर ते पंखे तीच गरम हवा पुनःपुन्हा घुसळत बसतात. प्रोसेसरवर वीस हजारांचे साधन बसवून समोरून काचेने बंद केलेली पेटी घेणे, म्हणजे चुलीवर धुराडे न बांधता स्वयंपाकघराला रंग काढण्यासारखे आहे.

आपल्या पूर्वजांना ही विद्या पुस्तकांतून शिकावी लागली नाही. गोमंतकातील जुन्या घरांचे राजांगण, समोरासमोरच्या खिडक्या, उंच कौलारू छप्पर यांच्यामागे एकच समज होती : थंड वारा खालून आणि समोरून आत यावा, तापलेली हवा वरून निघून जावी. संगणकाची पेटी हे असेच एक लहान घर आहे. तिचा दर्शनी भाग जाळीचा असावा. समोरून आत हवा घेणारे दोन वा तीन पंखे, मागून आणि वरून बाहेर टाकणारे एक वा दोन, एवढी व्यवस्था बहुतेकांना पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा किंचित अधिक ठेवली आणि तिच्या वाटेवर धुण्याजोगी गाळणी लावली, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. पेटी मेजाच्या बंद कप्प्यात कोंबू नये, भिंतीला टेकवू नये, जमिनीवरही ठेवू नये. या साऱ्याला फार पैसा लागत नाही, आणि म्हणूनच कदाचित त्याची जाहिरात होत नाही.

मग प्रोसेसरवर वाऱ्याचे साधन बसवावे की पाण्याचे? तरुणांमध्ये याविषयी मोठे वितंडवाद चालतात. वाऱ्याच्या साधनात तांब्याच्या बंद नळ्या असतात. त्यांतील किंचित पाणी प्रोसेसरच्या उष्णतेने वाफ होऊन वर जाते, धातूच्या पातळ पात्यांपाशी थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या अस्तरातून झिरपत मूळ जागी परतते. पंखा पात्यांवर वारा घालतो. बिघडण्यासारखा भाग एकच, तो पंखा. आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो. द्रवाच्या साधनात पंप द्रव फिरवितो, रबरी नळ्यांतून तो रेडिएटरपर्यंत जातो आणि तेथे पुन्हा पंख्यांनीच त्याला थंड करावयाचे असते. म्हणजे अखेरचा शब्द दोन्हीकडे खोलीतील हवेचाच! द्रव तापावयास वेळ घेतो, म्हणून पहिल्या काही मिनिटांत त्याचे आकडे डोळे दिपवितात. खरी परीक्षा अर्ध्या तासानंतर सुरू होते.

द्रवाचे साधन निरुपयोगी आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याचा प्रोसेसर दोनशे वॅटच्या पुढे जातो आणि तासन् तास चित्रफिती घडविण्याचे काम करतो, त्याला तीनशे साठ मिलिमीटरचा रेडिएटर उपयोगी पडतो. उपरोक्त कोअर आय-९ ची कमाल भूक २५३ वॅटची आहे. त्याला ही चैन नव्हे, गरज आहे. परंतु ज्यांना मुख्यत्वे खेळच खेळावयाचे आहेत, त्यांच्यासाठी ६५ वॅटचा रायझन ५ ७६०० वा १२० वॅटचा रायझन ७ ७८००एक्स३डी यांसारखे प्रोसेसर पुष्कळ आहेत, आणि त्यांना दोन ते चार हजार रुपयांचे वाऱ्याचे चांगले साधन आपल्या हवेतही पुरते. पंप थकतो, नळ्यांतून द्रव वर्षानुवर्षे सूक्ष्म प्रमाणात उडत जातो, आणि पाच-सात वर्षांनी ते सबंध साधनच बदलावे लागते. पंप अकस्मात बंद पडला, तर पणजी-मडगावात सुटा पंप मिळेलच, याची शाश्वती नाही. तरीही ते घ्यावयाचेच, तर रेडिएटर पेटीच्या वरच्या भागी, पंपापेक्षा उंच आणि हवा बाहेर टाकील असा बसवावा, म्हणजे नळ्यांतील हवेचा बुडबुडा पंपात अडकत नाही आणि गरम हवा ग्राफिक्स कार्डाच्या अंगावर येत नाही.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे खारी, दमट हवा. खिडकीचे गज आणि शीतकपाटाची पाठ ज्या हवेने गंजते, तीच हवा पंखे यंत्रात ओढून घेतात. क्षाराचा थर दमट हवेतील ओल धरून ठेवतो आणि धातूची जोडणी पोखरतो. म्हणून पुरुमेंताच्या दिवसांत, मिरच्या-कोकमांची बेगमी चालू असतानाच, पेटी उघडून मऊ कुंचल्याने आणि हवेच्या झोताने स्वच्छ करावी. अर्थात विजेची तार काढून. प्रोसेसर आणि साधन यांच्यामधला उष्णतावाहक लेप दोन-तीन वर्षांनी वाळतो, तोही त्याच वेळी बदलावा. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे झाकून ठेवण्यापेक्षा दररोज थोडा वेळ चालविणे हितावह, कारण त्याची ऊबच त्याला कोरडे ठेवते. मागची मोकळी भोके जाळीने बंद करावीत. उबेला आलेली पाल किंवा मुंग्यांची रांग अनेक मंडलांचा अंत करते, हे कोणताही दुरुस्ती करणारा सांगेल. नागपूर-इंदुराकडे वरदान ठरणारा पाण्याचा कूलर मात्र संगणकाच्या खोलीत आणू नये. आपल्या दमट हवेत तो थंडावा देत नाही, ओल तेवढी वाढवितो. हवेपेक्षाही थंड करणारी विजेची काही उपकरणे मिळतात. त्यांच्याही नादी लागू नये. पावसाळ्यात आपल्याकडे चोवीस-पंचवीस अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते, आणि विजेच्या यंत्रात दव म्हणजे विनाशच.

सर्वांत स्वस्त थंडावा कोणता, असे विचाराल, तर उष्णता निर्माणच न करणे हा! पडदा सेकंदाला साठ चित्रे दाखवीत असता कार्ड दीडशे चित्रे बनवीत असेल, तर उरलेली नव्वद केवळ खोली तापविण्याच्या कामी येतात. खेळातच ती मर्यादा घालता येते. प्रोसेसर आणि कार्ड यांची विजेची कमाल थोडी खाली आणता येते. वेग किंचित उतरतो, उष्णता मात्र बरीच उतरते. यासाठी एक पैसाही पडत नाही.

आणि या साऱ्या हिशेबात त्या यंत्रापुढे बसणाऱ्या मुलाचा विसर पडू नये. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो. पाचशे वॅटचे यंत्र म्हणजे दारे बंद केलेल्या खोलीत आणखी पाच माणसे बसविण्यासारखे आहे. साधन उत्तम असेल, तर ते ही उष्णता अधिक तत्परतेने त्या मुलाच्याच अंगावर आणून सोडील. यंत्र थंड आणि मूल घामाघूम, अशी खरेदी शहाणपणाची कोण म्हणेल? खिडकी उघडणे, छताचा पंखा चालू ठेवणे, खोलीतली गरम हवा बाहेर फेकणारा पंखा भिंतीत बसविणे, आणि ऐपत असेल तर वातानुकूलन, हा खर्च यंत्राच्या थंडाव्याचाच भाग समजला पाहिजे. एक टनाचे वातानुकूलन साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढते. त्यातला सातवा हिस्सा असे यंत्र एकटेच खाईल, हेही आधीच गृहीत धरावे.

तेव्हा पालकांना आमचे सांगणे एवढेच, की खर्चाचा क्रम आधी ठरवावा. प्रथम खोली, मग जाळीची पेटी आणि तिचे पंखे, मग कमी वीज खाणारा प्रोसेसर आणि बेताचे कार्ड, मग वाऱ्याचे साधे साधन. रंगीबेरंगी दिव्यांचा क्रमांक सर्वांच्या शेवटी. आणि आपल्या शहरांतील विक्रेत्यांनाही एक विनंती आहे. गार केलेल्या दुकानात पाच मिनिटे यंत्र चालवून दाखविण्याऐवजी, वातानुकूलन बंद ठेवून एखादा खेळ त्यावर तासभर चालवावा आणि शेवटी प्रोसेसरचे, कार्डाचे व खोलीचे तपमान पावतीवर लिहून द्यावे. जो विक्रेता हे करील, त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येईल. आणि जो टाळील, त्याच्याकडून एवढी मोठी खरेदी करण्यापूर्वी पालकांनी दुसरे दुकान पाहावे, हे उत्तम.