आखाड्यांतील लवचिकपणा

धरणगांव काय किंवा खानदेशांतील दुसरें एखादें गांव काय, तालमींत नवा मुलगा आला कीं त्यास पाय फांकवून बसवावें, आणि पाठीवर गुडघा देऊन त्याचें कपाळ मातीस टेकवावें, असें मानणारे वस्ताद कोठें कोठें आढळतात. मुलगा ओरडला तर हंसें होतें. दुसऱ्या दिवशीं तो येत नाहीं, एवढेंच.

या दांडगाईचें फळ उलटें येतें. स्नायूंत ताण ओळखणारे सूक्ष्म तंतू असतात. स्नायु एकाएकीं ओढला गेला, कीं ते पृष्ठरज्जूस वर्दी देतात आणि तोच स्नायु बचावासाठीं आंखडतो. हिसका देणारा वस्ताद अशा रीतीनें स्वतःच्याच विरुद्ध जोर लावीत असतो! उलट, जोरबैठकांनीं अंग तापल्यावर हळूहळू वांकून, श्वास सोडीत अर्धा मिनिट स्थिर राहिलें, तर ती ओढ अंगवळणीं पडते. लढतीच्या तोंडावर मात्र फार वेळ ताणूं नये. त्यानें जोर किंचित् घटतो.

आपल्याकडील उत्तम साधन म्हणजे मल्लखांब. दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं बाळंभटदादा देवधरांनीं त्यास नवें जीवन दिलें. एरंडेल लावलेल्या त्या लांकडास मिठी मारून मुलगा उलटा होतो, तेव्हां कंबर, खांदे व मांड्या त्याच्याच वजनानें आणि त्याच्याच बळानें वळतात. नुसतें वांकणारें, पण सांवरतां न येणारें अंग कुस्तींत काय कामाचें?

उंची झपाट्यानें वाढत असतां कांहीं मुलें गतवर्षीपेक्षां ताठ होतात. तो आळस नव्हे. अशा मुलाची तुलना त्याच्या धाकट्या भावाशीं करूं नये. आणि सांध्याच्या आंत टोंचूं लागलें, तर त्या दिवशीं तें वांकणें तेथेंच थांबवावें.