दुकानाची पायरी किती इंचांची आहे?

व्हिडिओत पंचवटीतला साडीच्या दुकानाचा किस्सा सांगितला होता. आजी व्हीलचेअरवर, दोन पायऱ्यांखाली. सून आत जाऊन आली. आजी म्हणाल्या, "राहू दे गं, चल." गिऱ्हाईक गेलं आणि मालकाला पत्ताच नाही!

रामकुंड, काळाराम मंदिराकडे येणाऱ्यांत वयस्कर माणसं किती, ते तुम्ही रोज बघता. त्यात २०२७ ला सिंहस्थ.

रॅम्पचा हिशोब सोपा आहे. १ इंच उंचीला १२ इंच लांबी. म्हणजे ६ इंचांच्या एका पायरीला ६ फूट. "सर, आमच्या गल्लीत ६ फूट कुठून आणू?" बरोबर आहे. पण म्हणून छोटी फळी तिरकी टाकू नका, चढताना खुर्ची मागे उलटू शकते. त्यापेक्षा बसलेल्या माणसाचा हात पोहोचेल अशी बेल बाहेर लावा. वाजली की माल घेऊन खाली या. आणि हो, भाव सुनेला नाही, आजींना सांगा. साडी त्यांना घ्यायचीय.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यातले कितीतरी बघून कळत नाहीत. ऐकू कमी येणाऱ्यासाठी किंमत कॅल्क्युलेटरवर दाखवा, एवढंही पुरतं.

व्हॉट्सॲपवर रेटकार्डचा फोटो टाकता ना? अंध ग्राहकाचा फोन टाइप केलेली अक्षरं बोलून दाखवतो, फोटोतले दर बऱ्याचदा सुटतात. फोटोखाली तेच दर टाइप करा. पाच मिनिटांचं काम आहे, खर्च शून्य.