आमची परसबाग बारा महिने

आमच्या शाळेच्या पाठीमागे दोन गुंठे जागा आहे. तिथे आमची परसबाग आहे. बागेत २२ वाफे आहेत. प्रत्येक वाफा एका मुलाने नाहीतर मुलीने सांभाळायचा असतो. त्याच्या नावाची पाटी वाफ्यात रोवलेली असते. बाग शाळेची असली तरी सगळ्या गावाची आहे, कारण पालक बी देतात, शेणखत देतात, आणि भाजी आमच्या पोषण आहारात पडते. कोणत्या ऋतूत बागेत काय चालतं आणि का चालतं, ते मी या लेखात सांगणार आहे.

आधी पाण्याचे सांगते. आमच्या कर्जत-खालापूर भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तीन हजार मिलिमीटर म्हणजे तीन मीटर. हे पाणी वाहून गेलं नसतं तर आमच्या वर्गाच्या खिडक्या बुडाल्या असत्या! पण पाऊस पडतो चार महिने आणि डोंगरावरून धावत नदीला जातो. भिवपुरीला १९२२ सालचे वीजघर आहे. त्याचे पाणी पेज नदीत येते आणि राजनाल्याने शेतांना मिळते. तिकडे उन्हाळ्यातही भात होतो. खोपोलीच्या १९१५ सालच्या वीजघराचे पाणी पाताळगंगेला येते. आमचे गाव मात्र कालव्याच्या वरच्या अंगाला आहे, आणि पाणी काही वर चढत नाही. म्हणून आमच्या बागेला पावसाचे पाणी आणि जेवणाची ताटे धुतलेले पाणी, एवढेच मिळते.

जून महिन्यात शाळा सुरू होते तेव्हा बागेच्या कडेला शेवळं वर येतात. शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीच्या झाडाचे फूल. आधी फूल येते, पाने मागून येतात. त्यात डोळ्यांना न दिसणारे टोकदार स्फटिक असतात, म्हणून घशाला खाज सुटते. कातकरी वाडीवरची एक आजी बागेत येऊन आम्हाला शिकवते. ती म्हणते, "पोरांनो, शेवळं काकडाबिगर खाल्ली का घसा धरतो." काकड म्हणजे काकडीचे नव्हे, काकड झाडाचे आंबट फळ. फूल कापायचे पण कंद उकरायचा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी परत येते, हेही तिनेच सांगितले.

मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी अशा रानभाज्या येतात. टाकळ्याची पाने रात्री मिटतात, ते संध्याकाळी मुद्दाम बघा. ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिवस असतो. त्या सुमारास कृषी खाते रानभाजी महोत्सव भरवते. आमच्या शाळेतही त्या दिवशी आया नि आज्या भाज्या शिजवून आणतात. आम्ही प्रत्येक भाजीपुढे चिठ्ठी ठेवतो. तिच्यात नाव, कुठे मिळते, कोणता भाग खायचा, कशी शिजवायची हे लिहायचे. सांगतात आज्या, लिहितो आम्ही.

पावसाळ्यात आमचे दोन वाफे भाताचे असतात. कर्जतला १९१९ पासून भाताचे संशोधन केंद्र आहे. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कर्जत ३, कर्जत ७, कर्जत १८४ ही भाताची वाणं तिथेच तयार झाली. एका वाफ्यात आम्ही चिखल करून लावणी करतो. दुसऱ्यात गादीवाफा करून भात टोकतो. ही दुसरी रीत नेरळजवळच्या सगुणा बागेत श्री. चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवली. तिला सगुणा राईस तंत्र म्हणतात. त्यात नांगरणी, चिखलणी, लावणी नसते. कापणी झाल्यावर मुळे उपटत नाहीत, जमिनीतच ठेवतात. ती कुजली की खत होते आणि मातीत बारीक बिळे पडून पाणी मुरते.

भाद्रपदात बागेचा तेरडा गौरींसाठी घरोघर जातो. तेरड्याची पिकलेली शेंग बोट लावताच फुटते आणि बी उडते. म्हणून तो पेरावा लागत नाही.

भात कापला की वाल पेरायचा. आमच्या रायगडचा वाल सगळ्यांना ठाऊक आहे. कापणीनंतर जमिनीत जी ओल उरते तिच्यावरच वाल येतो. वरून पाणी घालावे लागत नाही. त्याच्या मुळांवर गाठी असतात. त्या गाठींतले जीवाणू हवेतला नत्र धरून ठेवतात. म्हणून वालानंतर जमीन कसदार होते.

वाल पेरण्याचे आणखी एक कारण आहे. आमच्या वर्गातली चार मुले कातकरी वाडीवरची आहेत. दिवाळी झाली की त्यांचे आईबाबा वीटभट्टीवर कामाला जातात. मुलांनाही जावे लागते. पावसाच्या आधी ती परत येतात. माझी मैत्रीण पण जाते. पहिल्या वर्षी तिने विचारले, "माझा वाफा कोणाला देणार?" बाई म्हणाल्या, "कोणालाच नाही. पाटी आहे तिथेच राहील." तेव्हापासून जाणारी मुले जाण्याआधी आपापल्या वाफ्यात वाल पेरून जातात. त्याला पाणी लागत नाही. शेजारच्या वाफ्यावाल्याने फक्त तण काढायचे आणि गुरे येऊ द्यायची नाहीत. मैत्रिणीचा वाफा मी राखते.

जानेवारीत शेंगा भरल्या की एका शनिवारी बागेत पोपटी लागते. पालक येतात. जाळ मोठी माणसेच करतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालतात. त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मीठ आणि ओवा. वर परत पाला दाबून तोंड बंद करतात. मग मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. आत थेंबभरही पाणी घालत नाहीत. शेंगांत आणि पाल्यात पाणी असतेच, त्याची वाफ होते. तोंड बंद असल्याने ती आत कोंडते आणि शेंगा शिजतात. झाले की नाही ते कसे कळते? मडक्यावर पाणी शिंपडायचे. चर्रर्र असा आवाज आला की झाले. पाल्याचा वास शेंगांना लागतो, तो घरी कुकरला येत नाही.

गेलेल्या मुलांच्या वाफ्यातल्या शेंगा पोपटीत घालत नाहीत. त्या झाडावरच वाळवतो, दाणे राखेत घोळवतो आणि मडक्यात भरून चिठ्ठी लावतो. अर्धे दाणे बियाण्याला, अर्धे त्याच्या घरी बिरड्याला. गेल्या जूनमध्ये माझ्या मैत्रिणीने मडके उघडले आणि दाणे मोजायलाच बसली. बाईंनी हाक मारली तरी उठली नाही.

मार्च ते मे बाग जगवणे कठीण असते. आम्ही झाडांच्या बुडाशी पालापाचोळा पसरतो. मडक्याला बारीक भोक पाडून त्यात चिंधी घालतो, म्हणजे थेंब थेंब पाणी पडते. शेवगा, कढीपत्ता, पपई एवढीच झाडे आम्ही उन्हाळ्यात जगवतो. बाकी वाफे झाकून ठेवतो.

आता पालकांना एक विनंती. भट्टीवर जाताना बाईंना आधी सांगून जा. त्या मुलाला शिक्षण हमी कार्ड देतात. ते दाखवले की तिकडच्या शाळेत बसता येते. आणि आजी गावातच राहणार असेल तर मुलाला तिच्याजवळ ठेवता आले तर फार बरे. वाफा आम्ही राखू, पण धडे दुसऱ्याला राखता येत नाहीत.

या वर्षीच्या पोपटीला सगळ्यांनी यावे. येताना थोडा पेंढा आणि घरचे मूठभर बी आणावे. एवढे सांगून मी माझा लेख पुरा करते.

— इयत्ता ४ थी